रक्ताचा रंग आणि रक्ताची चाल



आज रात्री घरातले दिवे मालवले की एक गंमत करून बघा. मोबाईलची टॉर्च लावा आणि तिच्यावर तळहात घट्ट दाबून ठेवा. बोटांच्या कडांमधून लालभडक उजेड बाहेर येईल. टॉर्चचा उजेड तर पांढरा, मग पलीकडून लालच का? पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यातला निळा-हिरवा भाग आपलं रक्त पिऊन टाकतं. लाल तेवढा मांसातून, कातड्यातून वाट काढत बाहेर पडतो. म्हणजे बाहेर आलेल्या उजेडावर रक्ताची खूण उमटलेली असते.

ती खूण वाचायला माणूस कसा शिकला, ते आज सांगायचं आहे. सुई टोचायची नाही, कापायचं नाही, नुसत्या उजेडाने रक्ताची खबर घ्यायची. मी बी.ए. झालेली बाई, विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. तरी या विषयाच्या मागे लागले त्याला कारण घडलं. ते ओघात येईलच.

आरपार उजेडाची एक फार जुनी नोंद मेणबत्तीची आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ साली छापलेल्या ग्रंथात एका माणसाची हकिकत दिली आहे. लहानपणापासून त्याच्या डोक्यात पाणी साठत गेलं होतं आणि डोकं फार मोठं झालं होतं. त्यामागे मेणबत्ती धरली की ते कंदिलाच्या काचेसारखं उजळायचं. पण त्यावरून रक्ताबद्दल काही कळत नव्हतं.

ते कळायला सुरुवात झाली एका किल्ल्यात. जर्मनीत ट्युबिंगेन नावाचं गाव आहे, तिथे टेकडीवर जुना किल्ला आहे. विद्यापीठाने किल्ल्यातलं जुनं स्वयंपाकघर आणि धुणीघर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला दिलं होतं. (चुलीजवळ बसून शास्त्र शिकता येत नाही असं कोणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.) तिथे फेलिक्स होप्पे-सायलर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८६२ साली लिहून ठेवलं, की पातळ केलेल्या रक्तातून उजेड सोडला आणि मग तो काचेच्या लोलकातून फोडला, तर इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात दोन ठिकाणी काळ्या रेघा दिसतात. म्हणजे तेवढे रंग रक्ताने खाल्लेले असतात. दोन वर्षांनी त्यांनी रक्तातल्या या रंगद्रव्याला नाव दिलं, हिमोग्लोबिन. गरोदरपणात आपण सगळ्या जणी ज्याचा आकडा विचारत असतो, तेच हे एचबी.

त्याच १८६४ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला जॉर्ज स्टोक्स यांनी पुढची पायरी चढली. रक्तातला प्राणवायू रासायनिक पद्धतीने काढून घेतला, तर रक्त काळपट होतं आणि त्या दोन रेघांच्या जागी एकच रुंद पट्टा दिसतो. तेच रक्त हवेत हलवलं की पुन्हा लाल, पुन्हा दोन रेघा. रक्त प्राणवायू उचलतं आणि सोडतं, आणि दर वेळी रंग बदलतं, हे या प्रयोगातून डोळ्यांना दिसलं.

पण हे सगळं काचेच्या नळीतल्या रक्ताचं. जिवंत माणसावर हा प्रयोग केला कार्ल फॉन फिरोर्ट यांनी, १८७६ साली, त्याच ट्युबिंगेन गावात. त्यांनी बोटातून उजेड आरपार सोडला आणि बोट आवळून रक्ताचं येणं-जाणं थांबवलं. बघता बघता दोन रेघा पुसट झाल्या आणि काळपट रक्ताचा पट्टा उमटला. अडकलेलं रक्त प्राणवायू संपवत चाललं होतं आणि ते बाहेरून, न टोचता दिसत होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण. पण त्याचा उपयोग करायला जगाला आणखी साठ वर्षं लागली. तोवर उजेड मोजणारी चांगली साधनंच नव्हती.

मग दुसरं महायुद्ध आलं. उंचावर विमानात प्राणवायू कमी पडायचा आणि वैमानिक बेशुद्ध व्हायचे. जर्मनीत कार्ल मॅथेस यांनी १९३०च्या दशकात कानाच्या पाळीतून उजेड सोडून प्राणवायू मोजणारं यंत्र केलं होतं. अमेरिकेत ग्लेन मिलिकन यांनी १९४०च्या सुमारास वैमानिकांसाठी हलकं यंत्र बनवलं आणि त्याला ऑक्सिमीटर हे नाव दिलं. ते कानाला लावायचं, कान गरम ठेवायचा, नीट बसवायचं, बराच खटाटोप होता.

तो खटाटोप संपवला ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते निहोन कोहदेन या कंपनीत काम करत होते. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे कानातून उजेड सोडून मोजायचा त्यांचा प्रयत्न होता. पण प्रत्येक ठोक्याला उजेड कमी-जास्त व्हायचा आणि मोजमाप बिघडायचं. हा व्यत्यय काढून टाकायच्या खटपटीत असताना त्यांच्या लक्षात आलं, की ठोक्याबरोबर हलणारा तेवढाच भाग हा ताज्या, हृदयाकडून आलेल्या रक्ताचा आहे. कातडी, हाड, मांस जागच्या जागी असतं, हलतं ते रक्त. मग त्या हलणाऱ्या भागाचाच रंग मोजला तर बाकीचा हिशोब करायलाच नको! १९७४ साली त्यांनी हे मांडलं. आपल्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यातूनच आला.

आपल्याकडे हे यंत्र घरोघर पोचलं ते कोरोनात. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार येऊन बोटाला चिमटा लावत होते. नेलपॉलिश असेल तर पुसायला सांगत होते, कारण उजेडाला ती आडवी येते. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले, ८४ वर्षांचे होऊन.

आता माझं कारण सांगते. कोरोना सरल्यावर ते चिमटे घराघरांत राहिले. आमच्या एका गटातल्या ताईंच्या सासूबाई संध्याकाळी बोलताना अडखळायला लागल्या, हातातून तांब्या सुटला. घरच्यांनी कपाटातला ऑक्सिमीटर काढून लावला. आकडा आला ९८. शेजारच्या काकाही म्हणाले, "ऑक्सिजन तर झकास आहे, अशक्तपणा असेल, सकाळी बघू." सकाळपर्यंत उजवी बाजू गेली होती.

त्या घरात कोणी हलगर्जी नव्हतं. यंत्रही खोटं बोललं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. असं बघा, गावच्या टाकीत पाणी आहे का, ते स्वच्छ आहे का, हा एक प्रश्न. वरच्या आळीच्या शेवटच्या नळाला पाणी येतं का, हा दुसरा. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि मधे पाईप तुंबला असेल, तर वरची आळी कोरडीच राहणार. ऑक्सिमीटर सांगतो टाकीचं. रक्तात प्राणवायू किती मिसळला आहे, एवढंच. तो मेंदूच्या त्या कोपऱ्यात पोचतोय का, हे बोटावरून कसं कळणार?

आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. अर्धांगवायू या शब्दातही वायूच आहे. खरं तर तिथे वारं नसतं, रक्ताची अडचण असते. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा रक्तवाहिनी फुटते. दोन्हींत बाहेरून लक्षणं सारखीच, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवायचं औषध अमेरिकेतल्या १९९५ सालच्या चाचणीत उपयोगी ठरलं, ते पहिल्या तीन तासांत दिलं तर. २००८ साली युरोपातल्या अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. पण तेच औषध फुटलेल्या रक्तवाहिनीच्या माणसाला दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनजवळच्या एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. त्याआधी डॉक्टरांनाही आत गुठळी की रक्तस्राव, हे बरंचसं अंदाजानेच ठरवावं लागे.

आणि वेळेची किंमत किती? लॉस एंजेलिसचे डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशोब मांडला. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी मरतात. आता आपल्या वाडीवरून सीटी स्कॅनपर्यंतचं अंतर मनात आणा. वाटेतच, गाडीतच, नळाला पाणी येतंय की नाही हे सांगणारं काही असतं तर!

ते शोधायला उजेडाला कवटीच्या आत शिरावं लागणार होतं. इथे पुन्हा जेवणाच्या ताटाचा संबंध आहे. फ्रान्स योब्सिस हे मूळचे हॉलंडचे, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शिकवायचे. १९७६च्या डिसेंबरात घरी जेवताना मुलाबरोबर बोलता बोलता जनावराच्या खांद्याचं सपाट हाड त्यांनी दिव्यासमोर धरलं. हाडातून लाल उजेड येत होता. एवढ्या जाडीच्या हाडातून लाल जातो, तर लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड कवटीतूनही जाईल, असं त्यांना वाटलं. (टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो उजेड याच जातीचा.) वर्षभरात, २३ डिसेंबर १९७७ला, 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. अवरक्त उजेडाने, कुठेही न कापता, मेंदूतल्या प्राणवायूची स्थिती बाहेरून कळते असं त्यांनी त्यात दाखवलं.

याचा उपयोग आधी झाला तान्ह्या बाळांना. दिवस भरायच्या आत जन्मलेल्यांची कवटी पातळ, डोकं लहान. १९८५-८६ मध्ये ड्यूकला आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अशा बाळांच्या मेंदूतला प्राणवायू उजेडाने मोजला गेला. १९९०च्या दशकात ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्यांवर तो वापरला. डावी-उजवी बाजू ताडून बघायची. जिथे रक्त साकळलं असेल तिथे उजेड जास्त शोषला जातो.

तरीही हा सगळा रंगाचाच खेळ. रक्त लाल की काळपट, कमी की जास्त. ते वाहतंय किती वेगाने, हे रंगावरून फार तर ताडता येतं. चाल वाचायला वेगळा उजेड लागला.

तो होता लेझर. थिओडोर मेमन यांनी १९६० साली कॅलिफोर्नियात पहिला लेझर पेटवला. लेझरचा ठिपका भिंतीवर पडला की त्यात बारीक दाणे चमचमताना दिसतात, रव्यासारखे. लेझरने चित्रं घेणाऱ्यांना हे दाणे नकोसे वाटायचे, चित्र खराब करायचे. पण जिथे लेझर पडतो ती वस्तू हलली की दाणेही हलतात. पंखा फिरत असताना फोटो काढला तर पाती पुसट येतात ना, तसंच. रक्तपेशी जोरात धावत असतील तर दाणे पुसट, थांबल्या असतील तर दाणे ठळक. १९७५ साली मायकेल स्टर्न यांनी कातडीतल्या रक्ताची चाल लेझरने टिपली. १९८१ साली फेर्शर आणि ब्रायर्स यांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तप्रवाहाचं चित्रच या दाण्यांवरून काढायची युक्ती सांगितली. आओयागींच्या ठोक्यासारखंच झालं. एकाने केर म्हणून झटकलेलं दुसऱ्याने सुपात घेतलं.

मेंदूपर्यंत जायचं तर अडचण अशी, की आत उजेड सरळ जात नाही. दुधाच्या पातेल्यात टॉर्च मारल्यासारखा तो चहूकडे विखुरतो. विखुरलेल्या उजेडातूनही चाल कशी काढायची, याचं गणित १९९५ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठात डेव्हिड बोअस, अर्जुन योध आणि त्यांच्या सहकाऱ्याने बसवलं. त्याच विद्यापीठात पुढे, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्षाघात झालेल्यांच्या कपाळावर दोन्ही बाजूंना उजेडाचे तुकडे चिकटवले आणि पलंगाची उशाकडची बाजू वर-खाली केली. डोकं सपाट ठेवलं की बहुतेकांच्या मेंदूत रक्त वाढलं. पण काही जणांच्या बाबतीत उलट, डोकं वर केल्यावर वाढलं. म्हणजे एकाला उशी काढायची, दुसऱ्याला द्यायची, आणि कोणाला काय हे कपाळावरचा उजेड सांगणार. पुढे भारतासह अनेक देशांतल्या ११ हजारांहून जास्त रुग्णांवर सपाट झोपवणं आणि डोकं उंच ठेवणं यांची तुलना झाली, २०१७ साली निकाल आला. सरसकट बघता पुढच्या अपंगत्वात काही फरक नाही. मला वाटतं सरसकट बघितलं की असंच होणार. घराघरातल्या स्वयंपाकाला एकच मिठाचं माप लावलं तर कोणाची भाजी खारट, कोणाची अळणी. पण उजेड बघून एकेकाची उशी ठरवली तर माणूस जास्त बरा होतो, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, तेही सांगायला हवं.

अगदी अलीकडे, २०२४ साली, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक आणि यूएससी या संस्थांनी ५० माणसांवर एक यंत्र वापरलं. डोक्याला लावायचं, एका जागी अवरक्त लेझर, थोड्या अंतरावर कॅमेरा. मग माणसाला श्वास रोखून धरायला सांगायचं. श्वास कोंडला की मेंदू जास्त रक्त मागतो. निरोगी रक्तवाहिन्या फुगून जागा करतात. ज्यांना धोका जास्त, त्यांच्या वाहिन्या तेवढ्या फुगत नाहीत आणि रक्त अरुंद वाटेतून जोरात पळतं. बागेच्या पाईपचं तोंड बोटाने दाबल्यावर धार कशी जोरात येते, तसं. यंत्राला हा फरक दिसला. मात्र धोका कोणाला जास्त, हे तिथे आधी प्रश्न विचारून, वय-आजार यांवरून ठरवलं होतं. पुढे खरंच कोणाला झटका येतो हे बघायला वर्षं जावी लागतील. रुग्णवाहिकेतच मोठी गुठळी ओळखायची लेझरची पट्टीही अमेरिकेत तपासली जाते आहे.

हे सगळं ऐकून उद्याच कोणी दुकानात विचारायला जाऊ नका. घरी ठेवायचं असं यंत्र नाही. शिवाय उजेड मोठ्या माणसाच्या मेंदूत वरच्या थरापर्यंतच, काही सेंटीमीटर पोचतो. रक्तदाबाचा रक्तस्राव पुष्कळदा खोल आत होतो. तो उजेडाला दिसत नाही, म्हणून सीटी स्कॅन टळत नाही. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोली बदलली, यांतलं एकही अचानक झालं की १०८ लावायचा आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. चिमटा कपाटातच राहू द्या.

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची. उजेडाला कातडीचा काळा रंग आडवा येतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. रक्तात प्राणवायू कमी असूनही ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवतो, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. यंत्र बहुतांशी गोऱ्या कातडीवर जोखलेलं, त्याचा हा परिणाम. मग मेंदूची यंत्रं आपल्या उन्हात रापलेल्या बायकांच्या कपाळावर जोखली जाणार आहेत की नाहीत, हे आतापासून विचारायला हवं.

केसांचंही तसंच. काळे, दाट केस उजेड गिळतात, म्हणून बहुतेक यंत्रं कपाळावरच लावतात. बाकी डोक्यावर लावायची वेळ आली तर प्रयोगशाळेतले संशोधक हातात बारीक काडी घेऊन बसतात आणि एकेका ठिकाणी केस बाजूला सारून भांग पाडतात. मुलीच्या वेण्या घालताना आपण पाडतो तसाच.